हात पोचते तेवढंच घर

रामटेके सिस्टर कुणाच्याही घरी गेल्या की बैठकीत बसत नसत. "या जी, बसा," असं आपण म्हणेपर्यंत त्या स्वयंपाकघरात पोचलेल्या असत. चहा नको, पाणी नको. ओट्याखालचं दार उघडून, एक हात फरशीवर टेकवून आणि दुसरा पार खांद्यापर्यंत आत घालून त्या कुठल्यातरी अंधाऱ्या कोपऱ्यातला डबा चाचपत असत. आणि आतूनच विचारत, "हे काय होय वं? याले अखेरचा हात कवा लागला?"

हा प्रश्न त्या अशा सुरात विचारत की घरच्या बाईला आपण काही पाप केलंय असंच वाटावं. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून काढल्यावर आवाजाला तो सूर येतोच. "ताप कधीपासून आहे?" आणि "ही बरणी कधीपासून आहे?" या दोन प्रश्नांत त्या फरक करत नसत.

आम्ही आरमोरीला राहायला आलो तेव्हा आमच्या लग्नाला सहा महिने झाले होते. माझं माहेर नागभीडचं. मला आरमोरीच्या एका कार्यालयात कारकुनाची नोकरी लागलेली, आणि माझा नवरा विनोद कुरखेड्याच्या शाळेत मास्तर, रोज बसनं ये-जा करणारा. गावाबाहेर नाल्याच्या अंगाला आठ घरांची एक लाईन होती. एकाच ठेकेदारानं बांधलेली, एकाच वळणाची घरं. काटकोनात वळलेला ओटा, त्या वळणाच्या खाली एक खोल काळाकुट्ट कोपरा, आणि वर साडेसात फुटांवर सिमेंटचा सज्जा. हा ठेकेदार स्वतः सहा फुटी असावा आणि त्यानं जन्मात कधी फोडणी घातली नसावी, असं सिस्टरचं निदान होतं.

सिस्टरची स्वतःची उंची चार फूट आठ इंच. हे माप त्याच सांगत, "आठ" वर जोर देऊन. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी पांढरी, निळ्या काठाची साडी सुटली नव्हती. नवरा लवकर गेलेला, मुलगा चंद्रपूरला इंजिनिअर. घरात त्या, बुद्धाची एक मूर्ती आणि एक टॉर्च. त्या टॉर्चनं त्यांनी आयुष्यभर लेकरांचे घसे पाहिले. आता त्याच टॉर्चनं त्या लाईनीतल्या ओट्यांचे घसे पाहत.

आम्ही सामान उतरवलं त्याच दिवशी त्या आल्या. विनोद दाराशी पलंगाचे पाय जोडत होता. त्याला ओलांडून त्या सरळ आत गेल्या. मी मागं धावले. त्या ओट्याखाली निम्म्या शिरल्या होत्या आणि आधीच्या भाडेकरूचं एकेक बाहेर काढत होत्या. गंजलेला किसणीचा तुकडा. लोणच्याची बरणी, आतलं लोणचं कुठल्या फळाचं हे सांगता येणार नाही अशी. एक चप्पल.

"चप्पल?" मी म्हटलं.

"चप्पलच आहे," त्या आतून म्हणाल्या. "त्या बाईनं सहा महिने मोलकरणीवर संशय घेतला होता. हे पाह्य, इथी होती." मग बाहेर येऊन, डोक्यावरची जाळी झटकत त्यांनी मला त्यांचं पहिलं सूत्र सांगितलं. "हात पोचते तेवढंच घर आपलं, वैशाली. पुढचं उंदराचं. भाडं मात्र पूर्ण तूच देशीन."

मी माझं नावही अजून त्यांना सांगितलं नव्हतं. ते त्यांनी खोक्यावर वाचलं होतं.

महिन्याभरात माझं स्वयंपाकघर माझं राहिलं नाही. आधी आल्या दोऱ्या. ओट्याखालच्या मागच्या रांगेतल्या प्रत्येक डब्याला सिस्टरनी जुन्या लुगड्याच्या काठाची एकेक दोरी बांधली आणि तिचं टोक दारापर्यंत आणलं. मागचा डबा हवा असेल तर पुढचे काढायचे नाहीत, दोरी ओढायची. लाल दोरी डाळीची, हिरवी पोह्याची, पिवळी बेसनाची. दार उघडलं की आठ-दहा शेपट्या लोंबत. विनोद म्हणायचा, "ओट्याखाली उंदरांची शाळा भरली आहे, फक्त हजेरी घ्यायची बाकी आहे." पण एक मात्र खरं, पहाटे कुरखेड्याची बस गाठायची घाई असे तेव्हा अंधारातसुद्धा तो हिरवी शेपटी ओढून पोहे काढायला शिकला.

दोऱ्यांच्या मागोमाग चिकटपट्ट्या आल्या. जखमेवर लावायची ती पांढरी पट्टी. प्रत्येक डब्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात: काय आहे, कधी भरलं, कधी संपलं पाहिजे. एका रविवारी विनोद जेवून आडवा झाला होता. उठला तर त्याच्या मनगटावर पट्टी. "भांड्यांना अखेरचा हात:" आणि पुढं तारखेची जागा रिकामी. त्यानं ती दिवसभर काढली नाही, आणि संध्याकाळी भांडी घासली. लाजेनं म्हणा किंवा भीतीनं.

पण सिस्टरची खरी लढाई ओट्याच्या त्या काटकोनातल्या कोपऱ्याशी होती. तिथं दोरीही वळत नव्हती. "हा कोपरा म्हणजे पोटाचा असा रोग आहे, बाहेरून दिसत नाई आन् आत हात जात नाई," त्या म्हणत. दोन महिने त्यांनी त्यावर विचार केला. मग एक दिवस वेल्डिंगच्या दुकानातून त्यांनी एक वस्तू करून आणली. स्कूटरच्या जुन्या बेअरिंगवर बसवलेली मोठी परात. कोपऱ्यात ठेवायची, वर बाटल्या-बरण्या मांडायच्या, आणि हवी ती बरणी फिरवून समोर आणायची.

उद्घाटन आमच्या घरी झालं. सगळी लाईन गोळा झाली. परातीवर तेलाची बाटली, हळद, तिखट, गूळ असं सगळं मांडलं. "आता पाहा जी," म्हणून सिस्टरनी परातीला हात दिला. बेअरिंग चांगलंच निघालं. परात गर्रकन फिरली आणि पहिल्या फेऱ्यात तेलाची बाटली, दुसऱ्यात हळदीचा डबा सुटला. विनोद समोरच उकिडवा बसला होता. पांढरा शर्ट छातीपासून खाली पिवळाजर्द झाला.

मग मागून कुमरेबाईंचा आवाज आला, "सिस्टर, मंडईच्या जत्रेतला पाळणा उचलून आनला का?"

हसून हसून बायका भिंतीला टेकल्या. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, परातीखाली वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "डोस जास्त झाला." दुसऱ्या दिवशी परातीच्या बुडाला रबराचा तुकडा लागला, कडेला दोन बोटं उंच पट्टी लागली, आणि ती परात शहाण्या मुलीसारखी हळू फिरू लागली. मग आठपैकी सात घरांत तशा पराती झाल्या.

आठवं घर कुमरेबाईंचं.

पुष्पाबाई कुमरे म्हणजे कुरखेड्याच्या पलीकडच्या जंगलातल्या गावातल्या. नवरा वनरक्षक, महिन्यातले वीस दिवस बाहेर. बाई उंच, इतक्या की साडेसात फुटांवरच्या सज्ज्यावर त्या टाचा उंचावून सहज हात टाकत. त्यांच्या घरात सज्जा काठोकाठ भरलेला. गावाकडच्या तांदळाची गच्च भरलेली चुंगडी, वाळवलेली मोहफुलं, चारोळी, बियाण्याचे भोपळे, मुलीच्या लग्नासाठी घेतलेली भांडी. आणि ओट्याखाली जवळजवळ काही नाही.

सिस्टरच्या मते हा सरळ सरळ रोग होता. सज्ज्यावर त्यांचा मुळातच राग. "वर गेलं ते मेलं," हे त्यांचं दुसरं सूत्र. दर एप्रिलमध्ये त्या लाईनीत घरोघर सज्जे उतरवायचा कार्यक्रम घेत. खाली काय काय येई! कान तुटलेल्या कढया, लग्नात आलेले एकसारखे सात लेमन सेट, मुलं कॉलेजात गेली तरी पाळणे. सिस्टर खाली उभ्या राहून प्रत्येक वस्तूला तोच प्रश्न विचारत, अखेरचा हात कवा लागला, आणि उत्तराची वाट न पाहता ढीग करत. द्यायचं, विकायचं, आणि खाली हाताशी ठेवायचं. एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. त्यांनी घराघरांतली स्टुलंही काढून टाकायला लावली. "स्टूल म्हणजे हाड मोडाची मशीन. वर काईच नाई, त चढाचं कायले?" सात घरांचे सज्जे स्वच्छ, रिकामे, आरशासारखे. आठव्या घरापाशी दर वर्षी वाद.

"पुष्पा, कोन चढन वं इतकं वर?"

"चढाचं कायले? माया हात पोचते."

"आज पोचते. म्हातारी झाल्यावर?"

"तवाच्या तवा पाहू." मग कुमरेबाई हसून सांगत, "सिस्टर, आमच्या गावात चुलीवर बांबूचा माच राहते. बी राहो, मोहफूल राहो, चांगलं ते सारं वर. खाली काय ठेवतेत, त कोंबड्या."

सिस्टर तिथून निघून येत आणि माझ्या ओट्यावर हात आपटून म्हणत, "ऐकतच नाई ते. उंच मानसाले दुसऱ्याचं दुखनं समजत नाई."

हे हाताशी ठेवण्याचं वेड त्यांना कुठून लागलं ते त्यांनी एकदाच सांगितलं. मे महिन्यातली दुपार होती, आम्ही दोघी त्यांच्या पायरीवर चिंच फोडत बसलो होतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांना कुरखेड्याच्या पुढं जंगलात एका उपकेंद्रावर टाकलं होतं. वय तेवीस. आधीची नर्स उंच होती. तिनं सलाईनच्या बाटल्या आणि नळ्या कपाटाच्या टपावर रचलेल्या. एक दिवस दुपारी बाळंतीण आली. बाळ झालं, आणि बाईचं रक्त थांबेना.

"मी स्टुलावर चढली," सिस्टर म्हणाल्या. "स्टुलाचा एक पाय लंगडा. मी पडली. उठली, पुन्हा चढली, हात पोचेच ना. वैशाली, बाटली मले दिसून राह्यली होती वं. एवढी, एवढ्यावर. मागं ती बाई पांढरी पडून राह्यली. तवा तिची सासू आली. तिले माई भाषा येत नाई, मले तिची येत नाई. तिनं पाह्यलं मी कुठी हात करून राह्यली ते. आन् काय केलन, त मले कमरेत धरून लेकरासारखं वर उचललन. पांढऱ्या साडीतली सिस्टर, आन् कडेवर! मी बाटली घेतली, सुई लावली. बाई वाचली."

मी म्हटलं, "मग चांगलंच झालं ना, सिस्टरबाई."

"हो, चांगलं झालं." त्यांनी एक चिंचोका लांब फेकला. "त्याच दिवशी सायंकाळी मी कपाटावरचं सारं खाली आनलं. तवापासून वरचं मले पाहावत नाई."

त्यानंतर त्यांच्या सज्ज्यावरच्या रागाला मी कधी हसले नाही. म्हणजे, त्यांच्यासमोर हसले नाही.

लाईनीच्या टोकाच्या घरात शेंडे गुरुजी राहत. निवृत्त, एकटे. बायको जाऊन चार वर्षं झालेली. जेवण म्हणजे सकाळी केलेली खिचडी, आणि संध्याकाळी तीच. त्यांच्या सज्ज्यावर फक्त एक पत्र्याची पेटी होती. सिस्टर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेल्या तेव्हा मी सोबत होते. पेटी उतरवून घेतली तर आत दोन लुगडी, आणि एक जाड वही. गुरुजींच्या बायकोच्या हातची. पाककृतींची. पानापानावर तेलाचे डाग, समासात खुणा: "यांना तिखट कमी", "पोळ्याला दुप्पट".

"याले अखेरचा हात कवा लागला, गुरुजी?"

गुरुजी पेटीचं झाकण लावू लागले. मी सिस्टरचा पदर मागून ओढला. पण त्या थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. पेटी वर गेलीच नाही. लुगडी कपाटात गेली आणि वही ओट्याखालच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी. "वर ठेवून काय पूजा कराची आहे? हाताशी राहू द्या. लिहिलं कायले त्या बाईनं?"

मला ते फार कठोर वाटलं. पण पंधरा दिवसांनी गुरुजींच्या घरातून लाखोळीच्या डाळीच्या फोडणीचा वास आला. पुढच्या आठवड्यात कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या. पहिल्या वेळी करपल्या, तरी त्यांनी लाईनभर वाटल्या. मग दर रविवारी एक पान. वही उघडी, चष्मा नाकावर, हातात उलथनं. आम्ही त्यांच्या वासावरून ओळखायचो की आज कुठलं पान चाललंय.

दोन वर्षांनी, पोळा होऊन आठवडा झाला असेल, पाऊस लागला तो पाच दिवस थांबलाच नाही. वैनगंगा भरली की आमचा नाला उलटा वाहू लागतो. तिच्यात जायचं पाणी मागं सरकत गावाकडे येतं. सकाळी दहाच्या सुमारास ते लाईनीच्या पायरीला लागलं. दर पावसाळ्यात तिथवर येऊन परत जायचं, म्हणून आम्ही दारात उभं राहून पाहत होतो. या वेळी ते पायरी चढलं, उंबरा ओलांडून आत आलं, आणि सरळ ओट्याखाली गेलं.

तेव्हा आम्हा सातही घरांच्या लक्षात एकदमच आलं. तांदूळ, डाळ, पीठ, साखर, पापड, वर्षाचं तिखट, सगळं खाली होतं. हाताशी. वरचे सज्जे रिकामे आणि आरशासारखे. आणि चढायला एकाही घरात स्टूल नव्हतं.

विनोद पुरामुळे कुरखेड्यालाच अडकलेला, ओटा भांड्यांनी भरलेला. मी पिठाचा डबा छातीशी धरून खोलीच्या मध्ये उभी होते, आणि काय करावं ते सुचत नव्हतं. तेवढ्यात कुमरेबाई आत आल्या. पदर खोचलेला, पाणी गुडघ्याला. "दे इकडं," म्हणाल्या, आणि डबा माझ्या हातातून घेऊन सज्ज्यावर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. त्यांच्या मागून सिस्टर आल्या. कुमरेबाईंच्या गुडघ्याचं पाणी सिस्टरच्या मांडीला लागत होतं. त्या खाली वाकून, हनुवटीपर्यंत भिजून, दोऱ्या ओढून ओढून डबे काढू लागल्या आणि वर देऊ लागल्या. एक घर झालं की दुसरं. ठेंगणी बाई खालून देते आणि उंच बाई वर ठेवते. पाणी चढत होतं. पाचव्या घरापर्यंत त्या पोचल्या, मग माणसांनी ओरडून त्यांना बाहेर काढलं. निम्म्याहून जास्त माल भिजला होता. गुरुजी मुलीकडे नागभीडला गेलेले. त्यांच्या दाराला कुलूप होतं.

आम्ही सगळे शाळेत जाऊन राहिलो. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. घरात गुडघाभर चिखल, आणि फुगलेल्या डाळीचा आंबूस वास. माझी परात उलटी पडली होती. कुमरेबाईंचा सज्जा कोरडा ठणठणीत. त्यांनी चुंगडी खाली काढली आणि अंगणात चूल मांडली. चार दिवस आठही घरं त्यांच्या सज्ज्यावरचा भात जेवली. त्यांनी सिस्टरला टोमणा मारला नाही असं मी म्हणणार नाही. पहिल्या पंगतीला वाढताना म्हणाल्या, "घ्या जी सिस्टर. मेलेला तांदूळ आहे, पन शिजते चांगला."

सिस्टरनी ताट पुढं केलं. "वाढ वं," म्हणाल्या. "माई चुकी झाली. सात घरं बुडवली मी."

कुमरेबाईंचा हात थांबला. टोमणा इतका खोल जाईल असं त्यांना वाटलं नसावं. "पान्यानं बुडवली, तुमी नाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटात एक पळी जास्त वाढली.

पण जेवण झाल्यावर सिस्टर घरोघर गेल्या. प्रत्येक दारात उभ्या राहून तेच बोलल्या. विनोद म्हणाला, "असं काय करता सिस्टरबाई, तुम्ही थोडीच पाणी आणलं?" त्या म्हणाल्या, "दवाई चांगली होती, पन मी सगळ्याइले सारखीच देल्ली. बिमारी इचारलीच नाई."

गुरुजी आले ते पाचव्या दिवशी. वही सापडली होती. मिठाच्या बरणीशेजारीच, फुगून पावासारखी झालेली. सिस्टरनी ती आदल्याच दिवशी खिडकीतून हात घालून मागच्या दाराची कडी सरकवून, आत जाऊन काढली होती आणि एकेक पान सोडवून स्वतःच्या घरात दोरीवर वाळत घातलं होतं. सगळं घर ओलांडून पानांच्या रांगा. पण शाईनं लिहिलेलं होतं ते. पानं निळी झाली होती, अक्षरं गेली होती. शेवटची काही पानं तेवढी पेन्सिलीची, म्हणून राहिली.

गुरुजी दारात उभे राहिले. सिस्टर दोऱ्यांच्या मागं. मी मध्ये चहाचे कप घेऊन.

"वर होती ते बरी होती, गुरुजी," सिस्टर म्हणाल्या. "मीच खाली आनली."

गुरुजींनी एक पान हातात घेतलं, उजेडाकडे धरून पाहिलं. मग म्हणाले, "सिस्टर, वर राह्यली असती त कोरडी राह्यली असती. पन मी वाचली नसती. चार वर्षं मी त्या पेटीले हात नाई लावला. आता हे गेलं, पन चाळीस-पन्नास पानं मले पाठ आहेत. कोचईची वडी त समासासकट."

सिस्टरनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग लगेच त्याच पदरानं चष्मा पुसला, म्हणजे चष्म्यासाठीच पदर घेतला होता असं आम्हाला वाटावं.

गुरुजींनी पाठ सांगायचं, सिस्टरनी लिहायचं, असे पुढचे दोन महिने गेले. नवी वही झाली. अक्षर सिस्टरचं, दवाखान्याचं. "तेल दोन पळ्या. मोहरी. फुटली की हिंग. पेशंटला तिखट कमी." ते "पेशंट" गुरुजींनी खोडू दिलं नाही.

त्यानंतर लाईनीत नवा नियम झाला, सिस्टर आणि कुमरेबाई दोघींनी मिळून केलेला. आषाढात आखाडी लागली की धान्य वर, आणि दसऱ्याला खाली. तो दिवस कुणाला दसरा, सिस्टरला धम्मदीक्षेचा. सामान मात्र सगळ्यांचं एकाच दिवशी उतरे. वर चढवायला कुमरेबाई, खाली मांडायला सिस्टर. स्टूल एक घेतलं, पक्क्या पायांचं, आठ घरांत मिळून. आणि सिस्टरचा प्रश्न बदलला. आता त्या डबा हातात घेऊन विचारत, "हे इथी काऊन ठेवलं?" कधीकधी उत्तर लांबत जाई. पण त्या ऐकून घेत.

मग त्यांचे गुडघे गेले. मुलगा चंद्रपूरला घेऊन गेला. कुमरेबाईंनी निरोपाला चारोळीची पिशवी दिली, तीही सज्ज्यावरची.

गेल्या थंडीत कार्यालयाच्या कामानं मी चंद्रपूरला गेले आणि त्यांना भेटून आले. सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट. सुनेनं कौतुकानं स्वयंपाकघर दाखवलं. ओट्याखाली सगळे सरकते कप्पे. बोट लावलं की मागचं पुढं येतं. वरचं कपाट दांडी ओढली की आपणहून खाली उतरतं. कोपऱ्यातली जाळी दार उघडताच फिरून बाहेर येते.

सिस्टर दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. "पाह्यलं?" म्हणाल्या. "इथी काईच दूर नाई. मले कामच नाई." मग हळू आवाजात, "सून चांगली आहे वं. पन पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात हात घातला, त जाळीच माया अंगावर आली. मी भेली ना!"

आम्ही खूप हसलो. लाईनीतल्या सगळ्यांची चौकशी झाली. गुरुजींच्या तब्येतीची, कुमरेबाईंच्या मुलीच्या लग्नाची. निघताना त्या काठी टेकत लिफ्टमधून माझ्याबरोबर खाली आल्या. नको म्हटलं तरी.

फाटकापाशी वॉचमनची खोली होती. एका माणसाला कसंबसं उभं राहता येईल एवढी. पन्नाशीचा माणूस, सिरोंच्याकडचा असावा, मराठी बोलताना तेलुगूत जाई. त्यानं आत एक शेगडी, एक पातेलं ठेवलं होतं, आणि पार छताजवळ, पत्र्याच्या आडव्या पट्टीवर, फडक्यात बांधलेली कसलीशी गाठोडी.

मी ऑटोत बसले. "जाजो हो, नीट जाजो," सिस्टर म्हणाल्या, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्या मान वर करून गाठोड्यांकडे पाहत होत्या. वॉचमननं आपलं स्टूल पुढं सरकवलं. त्या त्यावर बसल्या.

"दादा," त्यांचा आवाज आला, "हे इतकं वर काऊन ठेवलं जी?"

त्याला हे कुणी कधी विचारलं नसावं. मग तो वर हात करून काहीतरी सांगू लागला. एका गाठोड्याबद्दल, मग दुसऱ्याबद्दल. ऑटो वळला तेव्हा मी मागं पाहिलं. तो अजून सांगतच होता, आणि सिस्टर काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी ठेवून ऐकत होत्या.